पाहुण्याचा दगड

गावाच्या स्मरणिकेत काहीतरी बोधपर लिहा, म्हणून कमिटीची माणसं आठवडाभर माझ्या ओट्यावर ठाण मांडून बसली. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. नाही म्हटलं, तर म्हणतात, "आप्पा, जुनं माणूस तुम्हीच उरलात." जुनं माणूस यांना स्मरणिकेपुरतंच आठवतं. चहा माझा, आग्रह यांचा! तर सांगतो. कडू लागलं तर कमिटीला विचारा.

एकदा एक वृद्ध साधू आपल्या शिष्याला घेऊन घाटमाथ्यावरच्या आडबाजूच्या एका गावी गेला. गाव लहान, पण पाहण्याजोगं. जुनी वेस, वीरगळ, कड्यावरून कोसळणारं पाणी, आणि वस्तीच्या वरच्या अंगाला दगडी बांधाचं विस्तीर्ण तळं. त्या तळ्यावर गाव जगत होतं. तिथली एक रीत होती. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानं घाट चढताना ओढ्यातला एक दगड उचलून आणायचा आणि बांधावर रचायचा. राजाचा सरदार आला तरी त्याची सुटका नव्हती. पावसात बांधाचं जे खचे, ते पाहुण्यांच्या दगडांनी भरून निघे.

वृद्धाला हे ठाऊक होतं. त्यानं ओढ्यातला चांगला वजनदार दगड खांद्यावर घेतला, शिष्यालाही घ्यायला लावला. धापा टाकत दोघं वर पोचले, तर वेशीत एक व्यापारी हार घेऊन उभा. पाहुण्यांची सरबराई त्याच्याकडे.

"अरेरे महाराज, हे काय! टाका, टाका ते खाली. ती अडाणी रीत मीच बंद पाडली. पाहुणा काय ओझी वाहायला येतो?"

शिष्यानं आपला दगड तत्काळ टाकला. मग त्या व्यापाऱ्यानं काय करावं? त्यांना बांधावर नेलं, दिवा कोरलेला एक घडीव दगड हलवून हलवून उपटला आणि साधूच्या हातात ठेवला. "ही आमच्या गावाची आठवण. येईल त्याला देतो." शिष्याला मिळाला त्यावर मोर होता. शिष्य हरखला. पंच्यात गुंडाळून त्यानं तो झोळीत घातला.

दिवा कोरलेला दगड वृद्धानं होता तिथे परत बसवला, आपला ओढ्यातला दगड शेजारी रचला, आणि त्या दिव्याच्या दगडावर मांडी घालून बसला.

"महाराज, चला ना, कडा बघू," शिष्य म्हणाला.

"तू बघून ये."

"आणि आपण?"

"मी उठलो की हा माणूस दगड पुन्हा उपटेल."

व्यापाऱ्याचं तोंड उतरलं. जमलेले पाहुणे खिदळले. "बुवांनी मठाची जागा धरली वाटतं," एक म्हणाला.

शिष्य कडा पाहून, धारेखाली न्हाऊन, तृप्त होऊन सायंकाळी परतला. गुरू तिथेच होता. ओठ सुकलेले. बांधाखालच्या घरातली एक म्हातारी त्याला तांब्यातून पाणी देत होती.

शिष्याचा संयम सुटला. "ज्यानं हार घातला त्याचाच चारचौघांत अपमान केलात. गावही पाहिलं नाहीत. मग घाट चढलो कशाला?"

"या आजींना विचार, त्यांच्या चुलीत काय आहे."

"चिखल!" म्हातारी म्हणाली. "दुसरं काय असणार? बांध झिरपतोय आणि घर माझं भिजतंय. भिंत कधी अंगावर येईल नेम नाही. तो हारवाला माझा सख्खा भाचा. सांगायला गेले तर म्हणतो, आत्या, पाहुण्यांदेखत ओरडू नकोस, बरं दिसत नाही."

वृद्ध म्हणाला, "पाहुण्याजवळ श्रम मागायची याला लाज वाटली. मग पाहुण्याला खूश करायला देऊ काय लागला? वाडवडिलांनी रचलेलं. पूर्वी इथून परतणारा म्हणायचा, त्या बांधात माझाही दगड आहे. आता म्हणतो, त्या बांधाचा दगड माझ्या घरी आहे. तू दिवसभर गाव पाहिलंस. मी गावाची एक खाच सांभाळत बसलो. तुझ्या झोळीत दुसरी आहे."

शिष्यानं झोळी सोडली. मोराचा दगड त्याच्या जागी बसवला, आणि गुरूसारखाच त्यावर बसला. तिकडे व्यापारी नव्या पाहुण्यांना घेऊन बांधाच्या दुसऱ्या टोकाशी वाकला होता. बांध लांब होता आणि बसणारे दोघंच.

म्हणून म्हणतो, गाव दाखवायचंय तर पाहुण्याच्या हाताला आधी काम द्या.

गेल्या दसऱ्याला आपल्या तळ्याच्या बांधाचा दगड एका पाहुण्याच्या गाडीत चढत होता. मी गाडीपुढे आडवा उभा राहिलो. तेव्हा एका गृहस्थानं सगळ्यांसमक्ष मला दंडाला धरून बाजूला केलं आणि म्हणाला, "म्हातारा भ्रमिष्ट झालाय, घरी न्या याला." यंदा खालच्या आळीत पाणी शिरलं, तेव्हा तोच घमेलं घेऊन माती टाकत होता. माझ्याकडे बघून मान खाली घातली. त्याच्या माफीसाठी मी अजून थांबलोय. कमिटीनं त्याचं नाव गाळायचं नाही, पुरतं छापायचं: निवृत्ती लक्ष्मण खरोटे.