भिंगू अष्टपादाचा शंख

समुद्राच्या काठी एक डबकं होतं. डबक्यात राहायचं भिंगू. भिंगू म्हणजे अष्टपादाचं इवलंसं पिल्लू. त्याचं घर म्हणजे एक शंख.

एकदा भिंगू खायला गेलं. सुळुक सुळुक परत आलं, तर शंखात खेकडा.

भिंगू म्हणालं, "मी अष्टपाद. माझा शंख दे."

खेकडा हसला, फिदीफिदी. "अष्टपाद? आठदा पादतोस की काय? असलं नाव कुणाचं नसतं. आठ पाय ना? मग तू कोळी. कोळ्यानं नाही म्हटलं, तर देईन शंख."

भिंगूला फार लागलं. पण करतं काय? गेलं सुळुक सुळुक.

काठावरच्या झुडपात कोळी जाळं विणत होता.

"कोळ्या कोळ्या, बोल ना. खेकडा शंख देईना."

कोळ्यानं नाक मुरडलं. "हे लिबलिबीत ध्यान, आणि कोळी? तू माकूल असशील. माकूल नाही म्हणाली, तर मीही बोलेन."

भिंगू गेलं सुळुक सुळुक. खोल पाण्यात माकूल पोहत होती, मऊ मऊ अंगाची, डोक्याला पायांचा झुबका.

"माकूलकाकू, सांग ना. कोळी बोलेना, खेकडा शंख देईना."

माकूलकाकू फणकारली. लिबलिबीत दिसलं की झालं का माकूल? पाय किती ते बघावं. पण तिला कुठे मोजायला वेळ? "तारामाशानं मोजले, तर सांगेन."

भिंगू गेलं सुळुक सुळुक. तारामासा वाळूत उताणा पडला होता.

"ताऱ्या ताऱ्या, मोज ना. माकूल सांगेना, कोळी बोलेना, खेकडा शंख देईना."

तारामासा गुरकावला. "मी इथे उताणा, आणि याला पाय मोजून हवेत. लाटेनं मला पालथं केलं, तर मोजेन."

भिंगू गेलं सुळुक सुळुक. लाट लांब उभी होती. उंचच उंच.

"लाटे लाटे, ये ना. तारामासा मोजेना, माकूल सांगेना, कोळी बोलेना, खेकडा शंख देईना."

"तू कोण?" लाटेनं विचारलं.

"अष्टपाद."

लाटही हसली, खळखळ. "आठदा पादणारा?"

आता मात्र भिंगू लालबुंद झालं. डोक्यापासून पायांपर्यंत लाल.

"अष्ट म्हणजे आठ," ते म्हणालं. "पाद म्हणजे पाय. आठ पायांचा तो अष्टपाद. एवढंही कळत नाही, आणि एवढी मोठी झालीस?"

लाटेला असं कुणी बोललं नव्हतं. मग ती निघाली. धो धो धो, धबाक.

लाटेनं तारामाशाला पालथं केलं.
तारामाशानं पाय मोजले. माकुलीचे दहा, भिंगूचे आठ.
माकूल म्हणाली, "दोन कमी. हे माकूल नाही."
कोळ्यानं भिंगूकडे धागा टाकला. "वीण बघू." भिंगूला विणता येईना. कोळी म्हणाला, "जाळं नाही, म्हणजे हा कोळी नाही."

भिंगू परत आलं खेकड्याकडे.

"माकूल नाही, कोळी नाही. मग मी कोण?"

खेकड्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "अष्टपाद." या वेळी हसला नाही. शंखातून निघाला, तिरका तिरका.

भिंगू शंखात शिरलं. एक पाय आत, दोन पाय आत, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ.

खेकडा बाहेरच घुटमळत होता. थोडी जागा मिळेल का, विचारत होता.

भिंगूनं काळी शाई सोडली. फुस्स.

खेकड्याचं तोंड काळं.