कबुतरांचा आशीर्वाद

बाजारपेठेतल्या व्यापारी संकुलाचे मालक दामोदरशेठ पुण्य म्हणून रोज सकाळी गच्चीच्या कठड्यावर ज्वारी टाकत. खाली वत्सलाबाईंचं साड्यांचं दुकान होतं आणि कबुतरं नेमकी त्यांच्या गिऱ्हाइकांवर शिटत. बाईंनी जाळी लावायची परवानगी मागितली.

"अहो बाई, तो मुक्या जिवांचा आशीर्वाद. अडवू नये," शेठ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तीच ज्वारी उचलून कठड्याच्या पलीकडच्या टोकाला पसरली. त्याखाली शेठची काळी गाडी उभी असे.

दुपारी शेठ तणतणत दुकानात आले. "हे कुणी केलं?"

"मी. दाणे तुमचे आणि आशीर्वाद आमच्या गिऱ्हाइकांना. परक्याचं पुण्य लाटणं बरं दिसेना, म्हणून तुमचं तुम्हाला पोचतं केलं."

संध्याकाळी शेठनी स्वतःच जाळीवाल्याला बोलावलं. आशीर्वाद कुठून कुठपर्यंत अडवायचा, ते बाईंनी दाखवलं.