खडकोबाच्या अंगावरचे भोक

दोष रायभान पाटलाच्या पणज्याचा होता. देवाच्या अंगावर घाव घातला त्याने आणि नाव लावले गुराख्याचे. तेव्हापासून चार पिढ्यांनी ते खोटे प्रसादासारखे वाटून खाल्ले, आणि वडीलधाऱ्यांनी दोन-दोनदा हात पुढे केला.

अश्मकांचा राजा पोतन नगरीत राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने डोंगराखालच्या एका गावात गुरवाच्या घरी जन्म घेतला. नाव नागदेव. बाप वारल्यावर खडकोबाची पूजा त्याच्याकडे आली. खडकोबाला ना नाक ना डोळे. जमिनीतून वर आलेला गुडघाभर उंच दगड, आणि त्यावर शेंदराचे थरावर थर.

गावात कथा सांगत ती अशी. एका गुराख्याची गाय रोज या दगडावर पान्हा सोडी. गुराख्याला राग आला, त्याने कुऱ्हाड घातली, तो दगडातून रक्त आले. मग देव पाटलाच्या स्वप्नात गेला आणि म्हणाला, हे पाप गुराख्याच्या कुळाने फेडावे. देव नेहमी पाटलाच्याच स्वप्नात जातो. गुराख्याच्या खोपटाची वाट त्याला सापडत नाही.

म्हणून दर चैत्री पुनवेला, ऐन दुपारी, त्या कुळातला सर्वांत वडील पुरुष गळ्यात कुऱ्हाड बांधून देवळाभोवती लोटांगणाचे सात फेरे घाली. तोवर देवाला नैवेद्य नसे. फरशी काळ्या दगडाची; चैत्रात तिच्यावर भाकरी भाजून निघावी. धुळा गुराख्याचा बाप पाचव्या फेऱ्यात मेला. उरलेले दोन फेरे धुळ्याकडून घालून घेतले आणि मगच प्रेत उचलू दिले. आता धुळा स्वतः सत्तरीला आला होता. चार पावले चालला की त्याला धाप लागे. या पुनवेला तो फरशीवरून उठणार नाही, हे सगळ्यांना दिसत होते. म्हातारी माणसे म्हणत, "देवाच्या दारात मरण, केवढं भाग्य!" स्वतःला मरायचे नसले की मरणात भाग्य दिसते.

पुनवेला आठ दिवस उरले असताना नागदेव देवाला पाणी घालीत होता, तोच शेंदराची खोळ आपल्याच ओझ्याने सुटून खाली आली. पिढीतून एखाद्या वेळी ती अशी पडते. आतला दगड उघडा झाला. त्यात बोटभर खोल, वाटोळे भोक होते. भोकात मेण भरलेले होते आणि मेणावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा होता. नागदेवाने कुऱ्हाडीचे घाव पुष्कळ पाहिले होते. कुऱ्हाड चीर पाडते. असे भोक पाडते ती पहार.

तो उठून पाटलाकडे गेला.

"पाटील, देवावरचा घाव पहारेचा आहे."

रायभान पाटील सुपारी कातरत होता. त्याने मानही वर केली नाही. "असंल. आमच्या पणज्याला कुणी तरी भरवून दिलं, देवाखाली मोहरांचा हंडा आहे म्हणून. खणलं. हंडा नव्हता."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला, पंचांना, तुझ्या बापाला. मेण कुणी भरलं वाटलं तुला, उंदरानं? तू बी भर. वर शेंदूर लाव. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"धुळाआबा मरेल."

"त्याचा बाप मेला तेव्हा तुझ्या बापानं आरती थांबवली नव्हती. आधी ओठावरचं दूध वाळू दे, मग शहाणपण शिकव. आणि रीत ठाऊक आहे ना? शेंदराविना देव दाखवील, त्याचं गुरवपण त्याच दिवशी सरलं."

नागदेव तिथून धुळ्याच्या खोपटात गेला आणि सगळे सांगितले. म्हातारा कुऱ्हाडीच्या दांड्याला तेल लावीत होता. तो खूश होईल असे नागदेवाला वाटले होते. तो चिडला.

"गुरवा, वर्षभर मला देवळाच्या पायरीला हात लावू देत न्हाईत. त्या एका दिवशी सारं गाव बाजूला सरून मला वाट देतं. तेवढं बी काढून घेतोस?"

ज्याला मारायचे त्याच्याच हातात मरणाचा मान ठेवायचा, ही वडीलधाऱ्यांची हुशारी नागदेवाला आता पुरती कळली. घरी बायको भागा मेण वितळवून बसली होती. पूजा गेली तर घरातले धान्य जाते, एवढे तिला चोख ठाऊक होते. "निवतंय," ती म्हणाली. नागदेवाने मेणाला हात लावला नाही.

पुनवेच्या सकाळी त्याने खडकोबाला न्हाऊ घातले, फूल वाहिले आणि आठ दिवस बंद ठेवलेले दार सताड उघडले.

रांगेत चंपा लोहारीण सर्वांत पुढे होती. तिने वाकून पाहिले. "अगं बया! हे तर पहारेचं काम."

"दार लाव रे!" पाटील ओरडला. "आणि बाईमाणसानं देवाच्या अंगाचं बोलू नये."

"मग बाप्यांनी बोलायचं हुतं की! चार पिढ्या मूग गिळून बसला होता व्हय? कुऱ्हाडीनं असं भोक पाडून दावा, भाता सोडून देवळात झाडू मारीन."

सर्वांत म्हातारा पंच हात जोडून म्हणाला, "देवाची लीला. घाव घालताना कुऱ्हाडीचीच पहार झाली असंल." तीन-चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. बाकी कुणी डोलावली नाही.

धुळा गळ्यात कुऱ्हाड बांधून बाहेर उभा होता. नागदेवाने त्याचा हात धरून त्याला उंबऱ्याच्या आत घेतले. म्हाताऱ्याने कुऱ्हाडीचे पाते भोकाला लावून पाहिले. ते आत जाईना. मग बोट घातले. बोट मुळापर्यंत गेले.

"माझा बाप कशापायी मेला?" त्याने पंचांना एकेकाचे नाव घेऊन विचारले.

धुळ्याने कुऱ्हाड सोडून पाटलापुढे टाकली, लिंबाच्या सावलीत जाऊन बसला आणि पाणी मागितले. चंपाने दिले. दुपार टळली. नैवेद्य दाखवला गेला. देव कोपला नाही. पुढच्या वर्षी नव्या गुरवाने भोकात मेण भरले, शेंदूरही चढवला, पण लोटांगण घालायला कुणी आले नाही. धुळा आणखी सहा वर्षे जगला.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून भिक्खूंचे गुरू शास्ता त्यांना म्हणाले, "आज संघात जो वडील भिक्खू वयाचा धाक घालून तरुणांची तोंडे बंद करतो, तो तेव्हा रायभान पाटील होता. काल म्हातारपणी दीक्षा घेतलेला मागच्या ओळीतला भिक्खू, तो धुळा. भर सभेत त्या वडिलांना प्रश्न विचारते ती उपासिका, ती चंपा लोहारीण. नागदेव गुरव मीच होतो." त्या जन्मी बोधिसत्त्वाने पाळली ती सत्यपारमी, म्हणजे काही झाले तरी सत्य न सोडण्याचे व्रत.

तिच्यापायी नागदेवाचे गुरवपण गेले, राहते घर गेले, आणि भागा माहेरी गेली ती परत आली नाही.