पायबंद

घाटाखालच्या एका गावी एकदा एक वृद्ध पशुवैद्य राहत असत. अडलेली गाय, लंगडणारा बैल, पोट फुगलेली शेळी, संकट कोणतेही असो, पंचक्रोशीतले लोक त्यांच्याकडेच धाव घेत. वैद्यबुवा मितभाषी होते. हात चाले, तोंड क्वचितच.

विश्वंभर नावाचा त्यांचा एक शिष्य होता. बुद्धीने तल्लख आणि मनाने फार हळवा. मेलेल्या जनावराचा मागचा पाय उकलून वैद्यबुवांनी त्याला आतली सारी रचना दाखवली होती. मांडीच्या आतून उतरणारी धमनी, तिच्या सोबतीने परतणारी शीर, कंबरेतून निघून पायभर पसरणाऱ्या पांढऱ्या नसा. त्यांचे मार्ग विश्वंभराला मुखोद्गत होते. मात्र एखाद्या बैलाला डाग द्यायची वेळ आली की तो मान फिरवून उभा राही.

एके सकाळी धोंडबा गवळ्याकडून बोलावणे आले. त्याची पहिलारू गाय अडली होती. वासरू अंगाने थोर आणि वाट अरुंद. गुरुशिष्यांनी बरीच खटपट करून वासरू जिवंत बाहेर काढले, पण गाय उठेना. पुढच्या गुडघ्यांवर भार घेऊन ती मागचा भाग उचलू पाही, तोच मागचे पाय दोन बाजूंना घसरत आणि ती मटकन खाली बसे.

वैद्यबुवांनी तिच्या मांडीच्या आत बोटे टेकवली आणि विश्वंभराची बोटेही तिथेच ठेवली. धमनी ठणठणीत उडत होती. त्यांनी खुराजवळ चिमटा घेतला, तर गाईने पाय आखडला. मग त्यांनी धोंडबाच्या बायकोकडे, सरूकडे, मऊ सुती दोर मागितला. खुरांच्या वर चिंध्या गुंडाळून त्यांनी गाईचे दोन्ही मागचे पाय एकमेकांना बांधून टाकले. पाय टेकता येतील पण फाकणार नाहीत, एवढीच सैल जागा मधे ठेवली. गोठ्याच्या गुळगुळीत फरशीवर माती पसरून वर गवत अंथरायला लावले.

सरू पाहतच राहिली. उठता येत नाही त्या मुक्या जिवाचे पाय बांधायचे, हा कसला उपचार, असे तिला वाटले. विश्वंभरालाही तेच वाटले. पण आपल्याला सर्व येते असे समजणाऱ्या शिष्याला प्रश्न विचारणे जड जाते. इतक्यात पलीकडच्या गावाहून माणूस आला. तिथे मेंढरांत रोग शिरला होता. वैद्यबुवा तसेच निघाले.

“तू इथेच थांब,” ते विश्वंभराला म्हणाले. “हिची कूस बदलत राहा, अंगाखालचे गवत कोरडे ठेव. आणि मी येईपर्यंत दोर सोडू नकोस.”

एवढे सांगून ते गेले.

विश्वंभराने सांगितल्याबरहुकूम सेवा केली. पण गाय अधूनमधून उठू पाही, दोर ताणला जाई आणि ती धापा टाकत मान टाकून देई. चिंध्या सरकून एका पायाचे कातडे लाल झाले. बांधून ठेवलेले वासरू हंबरले की ती मान वळवून बघे, आणि त्या डोळ्यांकडे बघणे विश्वंभराला नकोसे होई. दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडबा दूध घालायला गेला होता. सरू गोठ्याच्या दाराशी येऊन बसली. पदराने डोळे टिपत ती म्हणाली, “दादा, बांधल्यालं जनावर उठंल तरी कसं? सोडा की तिचे पाय.”

गुरूची आज्ञा त्याला आठवत होती. पण काल आणि आज यांत अंतर आहे, गुरुजी स्वतः असते तर त्यांनीही आता सोडले असते, अशी त्याने मनाची समजूत घातली. त्याने दोर सोडला.

गाईने पाय लांबवले आणि मोठा सुस्कारा सोडला. विश्वंभराच्या छातीवरचेही ओझे उतरले. त्याने पाणी पाजले, लाल झालेल्या कातड्याला तेल लावले. आपण योग्य केले, याबद्दल त्याला शंका उरली नाही.

थोड्या वेळाने वासरू हंबरले. गाईने सारे बळ एकवटले आणि या वेळी ती खरोखरच मागच्या पायांवर उभी राहू लागली. सरूने हात जोडले. त्याच क्षणी दोन्ही पाय दोन दिशांना निसटले. आत काहीतरी फाटल्याचा आवाज झाला, आणि गाय फाकलेल्या मांड्यांवर बसली ती पुन्हा हलली नाही.

वैद्यबुवा परतले तेव्हा विश्वंभर गोठ्याबाहेर उभा होता. काय झाले ते त्याने काही न लपवता सांगितले. ते आत गेले, वाकले, मांडीवरून, खुब्यावरून सावकाश हात फिरवला. उठताना त्यांना गोठ्याच्या मेढीचा आधार घ्यावा लागला.

“मांडीच्या आतून जाणारी एक नस पाय आत ओढून धरते. तुला तिचा मार्ग पाठ आहे,” ते म्हणाले. “वासरू बाहेर येताना ती कंबरेच्या हाडावर चेपली गेली. पण तुटली नव्हती. धमनी उडत होती, चिमट्याची जाणीव होती. पाय जिवंत होता. काही दिवसांत ती नस पुन्हा कामाला लागली असती. तोवर तिचे काम तो दोर करत होता.”

विश्वंभराला ते सारे एका क्षणात दिसले. आश्चर्य हे, की त्यातले काहीही त्याला नवे नव्हते.

“मला तिचे हाल पाहवेनात, गुरुजी,” तो कसाबसा म्हणाला.

“ते खरेच आहे. पण पाहवत नव्हते तुला, सोसत ती होती. दोर सोडलास तेव्हा सुटका तुझी झाली.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “आणि दोष तुझ्या एकट्याचा नाही. मी तुला आज्ञा दिली, कारण दिले नाही. मेलेल्या जनावरात नस दाखवली. जिवंत जनावरात ती काय करते, ते सांगायला मला दोन वाक्ये पुरली असती. माझ्या गप्प राहण्याला मी आजवर शहाणपण समजत आलो.”

गाय त्यानंतर फार जगली नाही. वैद्यबुवांनी वेदना शमवणारे जे काही ठाऊक होते ते दिले आणि शेवटपर्यंत ते तिच्याजवळ बसून राहिले. धोंडबाने कोणाला शब्दाने दुखवले नाही. वासरू दुसऱ्या गाईला लावण्याच्या खटपटीला तो लागला. गुरुशिष्य निघाले तेव्हा सरू विश्वंभराला म्हणाली, “सोडा म्हणाले ती मी होते, दादा.” त्याने मान हलवली. तिने अर्धा वाटा उचलला तरी त्याचे ओझे तसूभरही कमी झाले नाही.

पुढे विश्वंभर स्वतः वैद्य झाला. अशी गाय समोर आली की तो पाय बांधण्याआधी घरच्या माणसांना खाली बसवी, एकेकाचा हात मांडीच्या आत टेकवून धमनीचे ठोके दाखवी आणि दोर कशासाठी आहे ते सावकाश समजावून सांगे. रडणाऱ्याला तो कधी रागावला नाही. त्यातल्या काही गाई यथाकाल उभ्या राहिल्या. घरात आनंद होई, गाईची ओटी भरली जाई, आणि विश्वंभर थोडा वेळ गोठ्याबाहेर एकटाच जाऊन उभा राही.

ज्याला दुसऱ्याचे दुःख पाहवत नाही, त्याने दोराला हात घालण्यापूर्वी एवढेच पाहावे, की आपण गाठ कोणाची सोडवत आहोत.