नागोशेठचा मानाचा विडा

सात महिने नागोशेठने मजुरी दिली नाही. राजाच्या पंचांनी निकाल दिला, की रंगाच्या कारखान्यातल्या अकरा जणांचे पैसे शेठने चुकते करावेत. हुकूम सुवाच्य अक्षरात लिहिला गेला, त्यावर मोहर उठली. पुढे काही झालं नाही.

सगुणा त्या अकरांतली एक. निळीच्या हौदात कापड बुडवून तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. हुकूम घेऊन ती चार वेळा शेठकडे गेली. शेठने दर वेळी तो वाचला, कपाळाला लावला आणि आदराने परत केला. पाचव्या वेळी म्हणाला, "सगुणे, हुकूम माझ्या नावाचा. कारखाना आता मेव्हण्याचा. सोमवारीच कागद झाला. माझ्याकडे या धोतराशिवाय काही उरलं नाही." हे सांगताना तो बदाम खात होता.

मेव्हणा भिवबा आयुष्यात कधी हौदापाशी गेला नव्हता. त्याला जेवायची वेळ ठाऊक होती आणि झोपायची.

सगुणाच्या घरमालकाने दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती. ती राजापुढे उभी राहिली. राजा वैतागला. निकाल देणं दरबाराचं काम, ते झालं होतं. आता पैसे काढायला शेठच्या पोटात शिरायचं का, असं त्याने विचारलं. राजा हट्टी होता, त्याने अटच घातली. शिपाई मिळणार नाही, शेठला कुणी हात लावायचा नाही. दसऱ्यापर्यंत शेठने आपण होऊन कारखाना माझा म्हटलं तर वसुली, नाहीतर हुकूम रद्द.

दसरा नऊ दिवसांवर होता.

"कबूल," सगुणा म्हणाली. "फक्त शेठचा कागद खरा मानायचा, तर तो सगळीकडे खरा मानावा, महाराज."

यात राजाला काही गैर दिसलं नाही. त्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून अकराही जण सकाळी भिवबाच्या दारात जाऊ लागले. मुजरा करून विचारायचे, "मालक, आज काय हुकूम?" पहिल्या दिवशी भिवबाने मागे वळून पाहिलं, की मालक कुठे आहेत. चौथ्या दिवशी त्याने मिशीला तूप लावलं. आठव्या दिवशी त्याला स्वतःची मतं फुटली. नागोशेठला ही सगळी गंमत वाटली.

दसऱ्याच्या दरबारात पहिला मानाचा विडा रंगाच्या कारखान्याच्या मालकाला मिळायचा, दिवाणजींच्याही आधी. तीन पिढ्या तो शेठच्या घरात होता. विडा घेऊन मालकाने येत्या वर्षाचा बेत सांगायचा. कारकुनाने तो लिहून घ्यायचा आणि लिहिलेला बेत मोडायचा नाही, अशी रीत होती.

कारकुनाने पुकारा केला. नवी पगडी घातलेला नागोशेठ सवयीने अर्धा उठला. नाव निघालं भिवबाचं. भिवबाला गादीवर बसवलं, अंगावर शाल घातली. धोतराशिवाय काही नसलेल्या नागोशेठला दाराशी, जोड्यांजवळ जागा मिळाली. त्याने तेही गिळलं. अकरा जणांची मजुरी वाचते, तर एक विडा गेला, असा त्याने हिशेब केला असावा.

राजाने बेत विचारला. भिवबाने विडा सावकाश चावला.

"निळीला फार वास येतो," तो म्हणाला. "हौद बुजवू. तिथे म्हशी बांधू."

कारकुनाने बोरू शाईत बुडवला.

"थांबा!" नागोशेठ जोडे तुडवत पुढे धावला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "गाढवा, आजोबांनी खणलेले हौद आहेत ते! सरकार, त्याचं ऐकू नका, तो कागद नावापुरता आहे. कारखाना माझा आहे!"

"दाजी, तुम्ही दाराशी बसा," भिवबा म्हणाला.

मागे मजुरांत उभी असलेली सगुणा पुढे आली. तिने पदराआडून हुकूम काढला आणि राजापुढे धरला.

"महाराज, मालक सापडले."

राजा इतका हसला की त्याचा शिरपेच सुटला. दिवेलागणीच्या आत अकराही जणांची मजुरी दरबारातच मोजून झाली. हौद वाचले. भिवबा मात्र गादीवरून उठायला तयार नव्हता.

"लिहा," राजा डोळे पुसत कारकुनाला म्हणाला, "सगुणेला शंभर मोहरा बक्षीस."

सगुणाने आपला निळा हात पुढे केला.

"लिहू नका, महाराज," ती म्हणाली. "हातावरच द्या."

राजाला पुन्हा हसू आलं. हसत हसतच त्याने कमरेची थैली सोडली.