भुरकट पक्षिणीचा उखाणा

एका राज्यात, पश्चिमेच्या डोंगरात, आभाळाला टेकलेल्या देवदारांचं अरण्य होतं. राजा नीलध्वजाने आपल्या एकुलत्या एका पुत्राचं, पुष्कराचं लग्न तरंगिणीशी तिथेच लावलं. साऱ्या मुलखाला आमंत्रण गेलं. घुमंडनाथ जादूगाराला द्यायचं तेवढं राहिलं. झालं! तो भर मांडवात शिरला आणि त्याने अक्षतांऐवजी नवरानवरीवर राख टाकली. दोघांचे सुतारपक्षी झाले आणि भुर्रकन उडाले.

"राजा," घुमंडनाथ गरजला, "सूर्यास्तापर्यंत जोडी ओळखून एका ढोलीत बसव. संधी तीन. चुकलास तर दोघं जन्मभर पाखरं."

पुष्कराची वाचा त्याने नेलीच होती. शिवाय नवऱ्याचं नाव घेतल्याखेरीज सुनेच्या तोंडून शब्द फुटू नये, अशी गाठ मंत्रात गुपचूप मारली. लबाड तो लबाडच.

पुष्कर आपणहून राजाच्या खांद्यावर येऊन बसला, म्हणून लगेच सापडला: काळा कुळकुळीत, गळ्यावर लाल टिळा, पोट पिवळंधमक. काळ्याची जोडीदारीण काळीच असणार, असं ठरवून राजाने तसंच पाखरू पुष्करासोबत ढोलीत सोडलं. तो दुसरा नर निघाला. अशी जुंपली की ढोलीतून पिसं उडाली. मग लाल तुऱ्याची देखणी पक्षीण आणली. तिने ढोलीतल्या मुंग्या मटकावल्या आणि चालती झाली.

पुष्कराशेजारी एक भुरकट, पट्ट्यापट्ट्यांची पक्षीण केव्हाची बसून होती.

"तू कोण?" राजाने विचारलं.

तिने मान खाली घातली. सासऱ्यासमोर नवऱ्याचं नाव कसं घ्यावं?

"हाकला हिला! माझ्या मुलाला ही शोभते का?"

सूर्य कलला. राजा मटकन खाली बसला आणि रडू लागला. तेव्हा त्याची म्हातारी आत्या, सगुणाबाई, पुढे झाली.

"नीलू, रंग काय बघतोस? नवी सून उंबऱ्यावर ओळखावी."

तिने ढोलीवर आडवा हात धरला. "नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही हो!"

भुरकट पक्षीण झेपावत आली. चोच दोनदा खोडावर घासली, लाजली, आणि म्हणाली,

"देवदाराच्या खोडाला फुटला गोड पाझर,
पुष्कररावांच्या जोडीला मी सदा हजर."

"वा गं माझी बाई!" आत्याने हात काढला. पक्षीण आत शिरली, पाठोपाठ पुष्कर. देवदार कडाडला, खोड उकललं आणि केसांत लाकडाचा भुसा घेऊन नवरानवरी हसत बाहेर आली. घुमंडनाथाला पहिल्या पंगतीत पाट मांडला, तोही निवळला.

राजाने हात जोडले. "सूनबाई, चुकलो. तुलाच हाकललं."

तरंगिणी वाकून पाया पडली. "मामंजी, आपण हाकललंत खरं, पण मी गेले कुठे?"

सारा मांडव हसला. त्या राज्यात सुख नांदलं. तुमच्याही उंबऱ्याआत नांदो.