सरकारी विस्तव

विषय : हिरडगड शहरातील प्रत्येक चुलीस सरकारातून विस्तव पुरविणेबाबत.
संदर्भ : येसू भडभुंजीण हिने शेजारच्या बाळंतिणीस बेकायदा निखारे दिल्याचे प्रकरण.

वरील विषयास अनुसरून हकिकत अशी, की आगपेट्या निघण्यापूर्वी चूल विझली म्हणजे लोक गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जात आणि विस्तव आणत. हे फारच सोपे असल्यामुळे त्यात सुधारणेला वाव होता.

एकदा शिकारीहून परतताना रणधवल महाराजांना वेशीबाहेर पारू म्हातारी थंड चुलीपुढे बसलेली दिसली. तिच्या झोपडीच्या आसपास दुसरे घर नव्हते. महाराजांना गहिवरून आले, आणि गहिवरलेल्या राजाला एका म्हातारीपुरते थांबता येत नाही. त्यांनी हुकूम काढला : यापुढे सगळ्यांनाच विस्तव सरकार देईल, आणि शेजाऱ्याने तो परस्पर दिल्यास सरकारचा अपमान समजला जाईल. ठिणगी पाडायच्या घरोघरच्या चकमकी सरकारजमा झाल्या. त्या नेमक्या कोणत्या कोठारात आहेत, याचा शोध चालू होता.

अशा रीतीने विस्तव खाते उभे राहिले. अर्ज आला की निरीक्षक घरी जाऊन राखेत हात घाली आणि चूल खरोखर विझल्याची खात्री करी. राख कोमट लागली तर अर्ज मागे पडे. मग राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून निवडक निखारे तांब्याच्या भांड्यात भरत आणि वाटेत कुणी काढून घेऊ नयेत म्हणून झाकणाला लाखेचे सील करत. तापलेल्या भांड्यावर लाख टिकेना, म्हणून भांडे निवल्यावर सील करावे असा पोटनियम झाला. घरी कोळसे पोचत. खात्याच्या वहीत मात्र निखारेच निघालेले असत, त्यामुळे कामगिरी उत्तम होती. पारू म्हातारीला तीनदा कोळसे मिळाले. चौथ्यांदा तिने अर्ज केला नाही, तेव्हा ती समाधानी असल्याची नोंद झाली.

येसूची चणे-फुटाण्यांची भट्टी राजवाड्याच्या मागच्या भिंतीला लागून होती. नवरा वारलेला, पोट त्या भट्टीवर. तिच्या शेजारी चंद्रीचे चार दिवसांचे मूल थंडीने निळे पडू लागले. चंद्रीचा अर्ज निरीक्षकाकडे होता आणि निरीक्षक दौऱ्यावर होते. येसूने खापरात निखारे घेतले, बाळंतिणीच्या खाटेखाली नेऊन ठेवले आणि मुलाला ऊब आल्यावर परतताना ती शिपायाच्या हाती सापडली.

दरबारात कारभारी त्रिंबकपंतांनी आरोप वाचून दाखवला आणि भट्टी कायमची बंद करावी अशी शिफारस केली. महाराज दुखावले होते.

"सरकार द्यायला बसलेलं असताना मधे देणारी तू कोण?"

"शेजारीण," येसू म्हणाली.

"आणि मग सरकार कोण?"

"सरकार मोठं आहे, महाराज. पण लांब आहे. त्याचा निखारा पोचेतो पोर थांबायला तयार नव्हतं."

महाराज म्हणाले, "नावं ठेवणं सोपं असतं. उद्या दुपारपर्यंत शहरातली एकूण एक चूल पेटवून दाखव, हुकूम न मोडता. जमलं तर भट्टी तुझी. नाही जमलं तर तिला सील."

त्रिंबकपंतांनी समाधानाने लाख तयार ठेवायला सांगितली.

येसूने दोनच गोष्टी विचारून घेतल्या. हुकूम सगळ्यांना सारखाच ना? महाराज म्हणाले, "मलासुद्धा." आणि सुरुवात कोणत्या चुलीपासून करायची ते तिने ठरवायचे, कुणी आडवे यायचे नाही. महाराजांनी तोही शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसू सरळ मुदपाकखान्यात शिरली आणि तिथल्या तिन्ही चुलींवर घागरभर घागरभर पाणी ओतले. आचारी ओरडू लागला, तेव्हा सुरुवात झाली एवढे सांगून ती आपल्या भट्टीवर जाऊन बसली.

महाराजांच्या अंघोळीचे पाणी तापले नाही. न्याहारी परातीत पिठाच्या रूपातच राहिली. त्यांनी विस्तव मागवला, तेव्हा त्रिंबकपंतांनी हात जोडून कळवले की विस्तव खात्यातूनच आणावा लागेल, त्यासाठी अर्ज लागेल, आणि खाते विस्तव आणते ते मुदपाकखान्यातून. महाराजांनी अर्ज लिहिला. निरीक्षकांनी येऊन राखेत हात घातला. राख कोमट होती.

दिवस वर चढला. इतक्यात मागच्या भिंतीवरून भाजलेल्या चण्यांचा वास आला. महाराज स्वतः भिंतीपाशी गेले. मागोमाग सगळा दरबार.

"येसू, थोडा विस्तव दे."

"देणं गुन्हा आहे, महाराज. सरकारचा अपमान होतो."

"अगं, मीच सरकार आहे!"

"म्हणून तर जास्तच होईल."

महाराजांनी एकदा स्वतःच्या पोटाकडे आणि एकदा त्रिंबकपंतांकडे पाहिले, आणि शेजाऱ्याने विस्तव न देण्याचा हुकूम तिथेच, भिंतीपाशी, रद्द केला. येसूने पहिले खापर भिंतीवरून महाराजांच्या हाती दिले आणि मग भट्टीचे दार उघडले. लोक गोवऱ्यांचे तुकडे घेऊन आले. एका घरातून दुसऱ्या घरात विस्तव गेला. दुपारी शहरातल्या प्रत्येक छपरातून धूर निघत होता. हुकूम कुणी मोडला नव्हता, कारण तो उरलाच नव्हता. त्रिंबकपंतांची लाख तेवढी तापवायची राहून गेली.

गरम भाकरीचा घास पोटात गेल्यावर महाराजांनी येसूला विचारले, "आणि वेशीबाहेरची पारू? तिला शेजारच नाही. तिला कोण देणार?"

"तिथं सरकार लागतं, महाराज. वेशीपाशी एक शेगडी ठेवा, ती विझू देऊ नका आणि तिला लागेल तेवढा विस्तव नेऊ द्या. अर्ज नको. झाकण तर नकोच नको."

"सरकारनं एवढंच करायचं?"

"एवढं रोज केलंत तरी पुष्कळ झालं."

महाराज असे हसले की त्यांना ठसका लागला. येसूच्या भट्टीला राखीव रानातले लाकूड कायमचे मंजूर झाले, आणि खात्याची बेचाळीस तांब्याची भांडी तिला बक्षीस मिळाली. झाकणे घट्ट असल्यामुळे त्यांत फुटाणे महिनाभर कुरकुरीत राहतात.

विस्तव खाते बंद करण्याचा हुकूमही त्याच दिवशी निघाला. परंतु हाती असलेला शेवटचा अर्ज निकाली निघेपर्यंत खाते बंद करता येत नाही. तो अर्ज महाराजांचा आहे. त्यावर 'राख ओली व कोमट, निवल्यावर फेरतपासणी व्हावी' असा शेरा असून अर्ज अद्याप प्रलंबित आहे.